माहेरच्या देवीपुढचं नाव

मी देवीवर रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. आई गेली त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. बारा वर्षांची पोर, ताटातला भात चाचपून जेवायची. मिरजेला लवकर शस्त्रक्रिया झाली नाही तर नजर कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वडील आधीच गेलेले, म्हणून बहीण रत्नागिरीत मांडवीला माझ्याकडेच होती. माझे यजमान बंदरावर कामाला. महिन्याचं महिन्याला जेमतेम भागायचं. आधार एकच होता. शेवटच्या आजारात आई पुटपुटली होती, "पोस्टात माझे पैसे आहेत. धाकटीला घाल." खात्याचं पुस्तक कुठं ठेवलंय ते सांगायच्या आत तिची वाचा गेली.

आईचं सगळं घर उलथंपालथं केलं. पुस्तक मिळालं नाही. मग पोस्टात फेऱ्या सुरू केल्या. कारकुनाने दोनदा वही चाळली. पार्वती नावाचं, आमच्या आडनावाचं खातंच नव्हतं. "बाई, आजारी माणूस काहीही बोलतं," तो म्हणाला. मी तिसऱ्यांदा गेले, पाचव्यांदा गेले. हे चेष्टेने म्हणायचे, तुला लांबून बघूनच पोस्टमन वाट बदलतो. बदलू दे. माझी आई खोटं बोलणारी नव्हती.

शेवटी बहिणीला घेऊन तरीतून खाडी ओलांडली आणि बैलगाडीने पावसजवळच्या आईच्या माहेरगावी गेले. तिथं आमचं कोणी उरलं नव्हतं. देवी तेवढी होती. गुरवाने कौलासाठी मूर्तीला फुलांचे कळे लावले आणि गाऱ्हाणं घातलं, पार्वतीच्या लेकी आल्यात, त्यांना वाट दाखव. कितीतरी वेळ झाला तरी कळा पडेना. मी मनात म्हटलं, बये, तूही त्या कारकुनासारखीच निघालीस.

देऊळ झाडणारी म्हातारी इतका वेळ ऐकत होती. ती पुढे आली आणि बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरून बघत राहिली. "अगो, ही तर आमच्या चंद्रीची पोर! देवीला तुमची पार्वती कशी ठावी व्हयाची? ता सासरचा नाव. हितं ती चंद्रभागा."

ती आईची लहानपणची मैत्रीण होती. गुरवाने नाव बदलून पुन्हा गाऱ्हाणं घातलं आणि उजवा, होकाराचा कळा पडला. वाऱ्याने पडला असेल, मी वाद घालत नाही. मला मात्र लख्ख उमगलं. लग्नात तांदळांवर नवं नाव लिहितात, माझंही लिहिलं होतं. पोस्टाच्या वहीत ते कोण लिहिणार?

म्हातारी दुसऱ्याच दिवशी आमच्याबरोबर रत्नागिरीला आली. खातं निघालं. आजोबांनी आईच्या लग्नाआधीच तिच्या नावाने उघडलेलं. दोन्ही नावांची बाई एकच, असा जबाब देऊन म्हातारीने कचेरीत अंगठा उठवला. वारसाचा दाखला हातात पडेपर्यंत मी तिथले उंबरठे झिजवले.

मिरजेहून परतल्यावर आम्ही देवीची ओटी भरायला गेलो. जाड भिंगांच्या चष्म्यातून बहीण दिव्याच्या ज्योतीकडे टक लावून बघत होती. म्हातारीसाठी मी लुगडं नेलं होतं. तिने ते बाजूला सारलं. "लुगडा ऱ्हाऊ दे. चंद्रीला येकदा नावानं हाक मार. लगीन झाल्यापासना हितं कोनी मारली न्हाय."

आईला नावाने कशी हाक मारायची? माझी जीभ रेटेना. इतके महिने मी हट्टाने धावत होते, देवीलाही काय करायचं ते सांगत होते, आणि देवीच्या मनात काय आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटलं, "चंद्रे!"

आई गेल्यापासून मी रडले नव्हते. त्या दिवशी देवीच्या पायाशी बसून पोटभर रडले.