ग्रोथ रूममधला झेंडू

मला एका जागी बसवत नाही. शाळेत बाई म्हणायच्या, हिच्या बाकाला काटे आहेत. भाजी शिजेपर्यंत मी तीनदा झाकण काढून बघते आणि सिग्नलला दुचाकीवर बसून मनातल्या मनात आकडे मोजते. अशा माणसाला नशिबानं काम मिळालं ते टिश्यू कल्चरचं. केळीच्या कंदातून नखाएवढा तुकडा काढायचा, निर्जंतुक करायचा, बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा आणि मग महिनाभर त्याला हात लावायचा नाही, फक्त काचेतून बघायचं. मी दिवसातून दहादा बघत असे.

कंपनी सुरू झाली तेव्हा सातपूरला भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाटल्या वाफवायला दोन मोठे कुकर होते आणि बाटल्या म्हणजे भंगारवाल्याकडून निवडून आणलेल्या जॅमच्या. आईनं शेजारणीला सांगितलं की आमची पोरगी बाटलीत केळी लावते. त्यावर शेजारणीनं विचारलं, मग खायची वेळ आली की बाहेर काढायची कशी? आई आठवडाभर माझ्यावर चिडून होती, जणू तो प्रश्न मीच शेजारणीला सुचवला होता.

माझ्याबरोबर एमेस्सी झालेल्या सगळ्या जणी पुण्याला नाहीतर हैदराबादला गेल्या. नाशकात काय ठेवलंय, असं त्या म्हणायच्या आणि मलाही पटायचं. तरी मी राहिले. धीर होता म्हणून नव्हे, रोज काहीतरी बदलत होतं म्हणून. सातपूरहून आम्ही अंबडला गेलो, अंबडहून दिंडोरी रोडच्या नव्या इमारतीत. आजूबाजूला कुणी जैविक खतांचा कारखाना टाकला, कुणी रक्त तपासायच्या किट बनवायला घेतल्या, कुणी जनावरांच्या लसी. ज्या थांब्यावर पूर्वी फक्त गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कामगार कंपनीच्या बसची वाट बघायचे, तिथे आता पिशवीत घडी घातलेला पांढरा कोट घेऊन पोरी उभ्या असतात. हैदराबादची मैत्रीण हल्ली फोनवर विचारते, तुमच्याकडे काही जागा निघते का गं.

नव्या इमारतीत माझ्या हाताखाली चाळीस बायका होत्या. त्यातली एक माझी खास. पेठ तालुक्यातल्या डोंगरातली, दहावी झालेली. घरच्यांबरोबर द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीला मजुरीला यायची. मग अंबडला आमच्याकडे बाटल्या धुवायला लागली. एकदा एक ऑपरेटर आली नाही आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला, म्हणून हिच्या हातात चिमटा दिला. लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या टेबलासमोर ती बसली आणि तासाभरात मी बघतच राहिले. लहानपणापासून भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, केलेले हात ते. रोपाला लागेल तेवढंच धरायचं, सोडायचं तेव्हा अलगद सोडायचं, हे तिला शिकवावं लागलं नाही. बाकी सगळं मी शिकवलं.

आमच्याकडे प्रत्येक ऑपरेटरला एक नंबर असतो. बाटलीत रोप ठेवलं की झाकणावर तो लिहायचा. बाटली नासली, आत बुरशी आली, तर झाकण बघून कळतं की हात कुणाचा. तिचा नंबर सतरा होता. सतराच्या बाटल्या नासत नसत. नव्या पोरी गमतीनं म्हणायच्या, सतराचं झाकण आमच्याही बाटलीला लावा ताई.

त्या वर्षी तिला कायम करायचं ठरलं होतं. ऑर्डर दिवाळीनंतर निघणार होती. तिची मुलगी आश्रमशाळेत होती, सहावीत. नोकरी कायम झाली की पेठ रोडला खोली घ्यायची आणि मुलीला इथल्या शाळेत घालायचं, एवढंच तिचं स्वप्न. तिनं ते मला इतक्या वेळा सांगितलं होतं की ती शाळा मीही एकदा जाऊन पाहून आले होते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या एमआयडीसीत हत्यारांची पूजा होते. लेथला हार, फोर्कलिफ्टला हार, संगणकालाही हळदकुंकू. सातपूरच्या खोल्यांत आम्ही पूजा उंबऱ्याबाहेर करायचो. कुकर आणि दोन रिकाम्या बाटल्या पाटावर मांडायच्या, नारळ फोडायचा, झालं. आत काही न्यायचं नाही, हा नियम मीच लिहिला होता आणि नव्या इमारतीत तो माझ्याच सहीनं दारावर चिकटवला होता.

पण नव्या जागेतली ती पहिलीच खंडेनवमी. बाहेर सगळे पेढे खात होते, फोटो काढत होते. मला एकदम वाटलं, बाहेरच्या बॉयलरला हार आणि जिथे खरं काम होतं, बाटल्यांतली रोपं वाढतात, ती ग्रोथ रूम कोरडी, हे काही बरोबर नाही. सणाच्या दिवशी माझं असंच होतं, अंगात आल्यासारखं. कोट घातला, हात धुतले, झेंडूचा एक छोटा हार घेतला आणि त्याच्यावर स्पिरिट फवारलं. हो, झेंडूच्या हारावर स्पिरिट. एमेस्सी झालेल्या बाईनं. जणू फुलांना सॅनिटायझर लावला की ती निर्जंतुक होतात. आत जाऊन पहिल्या रॅकच्या खांबाला तो बांधला, हात जोडले, मोबाइलवर फोटो काढला. हार काढला तो दसऱ्याची सुट्टी संपल्यावर.

दोन आठवड्यांनी बुरशी दिसली. आधी पाच-सहा बाटल्यांत, मग निम्म्या रॅकवर, मग शेजारच्या रॅकवर. पहिल्या रॅकवरची सगळी झाकणं सतरा नंबरची होती.

मी एक बाटली उजेडात धरली. जेलीवर बुरशीचे ठिपके एका ओळीत होते, बारीक पावलं उमटावीत तसे. हात चुकला की बुरशी रोपाभोवती येते, अशी ओळीत चालत नाही. हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी बाटली खाली ठेवली आणि सूक्ष्मदर्शक काढला नाही. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खोटं नव्हतं. परदेशी ग्राहकाचे तपासनीस पुढच्या सोमवारी यायचे होते आणि त्यांच्या आत फाइलमध्ये रिपोर्ट हवा होता: काय झालं, कशामुळे झालं, काय उपाय केला. सर, म्हणजे आमचे मालक, दिवसातून चारदा विचारत होते की रिपोर्ट झाला का. त्या चार दिवसांत मी एकदाही धड खाली बसून जेवले नाही.

‘कशामुळे’च्या चौकटीत मी इंग्रजीत लिहिलं की ऑपरेटर सतरानं निर्जंतुकीकरणात हलगर्जी केली. एक ओळ. खाली ऑपरेटरची सही लागायची. तिला बोलावलं.

ती उभी राहिली. म्हणाली, "ताई, माझा हात चुकला नाय."

मी म्हटलं, मला माहीत आहे. नुसता कागद आहे. तपासनीस गेले की कोण विचारतंय.

"काय लिवलंय त्यात?"

"नेहमीचंच. सही कर गं, मला उशीर होतोय."

तिनं सही केली. मराठीत, पूर्ण नाव, ओळ सांभाळून. मी शाई वाळायच्या आत कागद उचलला.

तपासनीस खूश होऊन गेले. कारण सापडलं, जबाबदार माणूस सापडला, फाइल बंद. आठवड्याभरात ऑफिसातून पत्र निघालं: तिची कायम होण्याची ऑर्डर थांबवली आहे, तिला बाटल्या धुण्याच्या विभागात पाठवलं आहे आणि करार महिनाअखेरीस संपेल. मी ऑफिसात जाऊन भांडले. त्यांनी मला माझाच रिपोर्ट दाखवला.

मग मी सूक्ष्मदर्शक काढला. नासलेल्या बाटलीतला जेलीचा तुकडा काचेवर ठेवला आणि खाली पाहिलं. पिकांवरच्या किडीतला एक कोळी चालत होता, मिरची-झेंडूवर पडतात तसला, डोळ्यांना न दिसणारा, पायांना बुरशीची पूड लागलेली. झाकणाच्या फटीतून एका बाटलीतून दुसरीत जाणारा. आमच्या ग्रोथ रूममध्ये मातीचा कण येत नाही, पान येत नाही. फूल एकदाच आलं होतं. मोबाइलमध्ये हाराचा फोटो होता, तारखेसकट. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

सरांकडे गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. हार, ठिपक्यांची ओळ, न काढलेला सूक्ष्मदर्शक, तिला न वाचून दाखवलेला कागद. त्यांनी फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, फाइल बंद झाली आहे. तुमच्यासारख्या सिनियरचं नाव त्यात घालून मी ती पुन्हा उघडू? ग्राहक काय म्हणेल? तिला दुसरीकडे कुठेही काम मिळेल, इथे आता कंपन्या काय कमी आहेत?

मी म्हटलं, काम मलाही कुठेही मिळेल. फाइल आज उघडली नाहीत तर ग्राहकाला मेल मी करते.

हे मी धमकी म्हणून बोलले नव्हते. मला नुसतं तिथे उभं राहवत नव्हतं. पण ते त्यांना धमकीसारखं वाटलं असावं, कारण त्यांनी फोन उचलला. फाइल उघडली. कारणाच्या चौकटीत माझं नाव आलं, हुद्द्यासकट. मला एक कडक पत्र मिळालं आणि पगारवाढ थांबली. काढलं मात्र नाही. सर स्वतःच म्हणाले की शेजारी लसवाल्यांचा नवा प्लांट येतोय, अनुभवी माणूस आम्ही हातचा घालवत नाही. धुणाऱ्या बाईला महिनाभरात काढायला निघालेली तीच कंपनी.

मी धुण्याच्या विभागात गेले. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते. मी सांगितलं की चूक माझी होती, कागदात काय लिहिलं होतं तेही सांगितलं, शब्द न शब्द. ती ऐकत होती आणि बाटल्या विसळत होती.

"हार तुम्ही बांधला तवा मी काचेतून बघत व्हते," ती म्हणाली.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"मला वाटलं तुम्ही बोलाल. आज बोलाल, उद्या बोलाल." तिनं एक बाटली पालथी घातली. "मग तुम्ही सही मागितली. मी म्हनलं, ताईंनी लिवलंय म्हणजे माझ्या भल्याचंच असंल."

मी माफी मागितली. तिनं मान हलवली, पण ते हो होतं की नाही ते मला आजही माहीत नाही.

दिवाळीनंतर महिनाभरानं तिची कायमची ऑर्डर निघाली. ऑर्डर घ्यायला गेली तेव्हा तिनं सरांना एकच मागणं केलं, ताईंच्या हाताखाली नको. त्यांनी तिला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिथे डाळिंबाची रोपं होतात आणि नव्या ऑपरेटरना शिकवलं जातं. शिकवायला तिलाच ठेवलं. मुलगी नाशकात आली, हे मला दुसरीकडून कळलं. जिन्यात आम्ही भेटतो. ती हसते, मुलीचा अभ्यास कसा चाललाय ते मी विचारते, ती ठीक म्हणते आणि पुढे जाते. मला हे लागतं. रोज लागतं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरून शिकून एक नवी ऑपरेटर माझ्याकडे आली, सुरगाण्याकडची. पहिल्या दिवशी चार-पाच कागदांवर सह्या घ्यायच्या असतात. मला मीटिंगला जायचं होतं, मोबाइल वाजत होता. मी कागद तिच्यापुढे सरकवले आणि पेन दिलं. बोटानं जागा दाखवली.

तिनं पेन बाजूला ठेवलं. म्हणाली, "थांबा ताई, वाचते. इंग्रजी आहे ते तुम्ही सांगा. वरच्या ताईंनी पहिल्याच दिवशी शिकवलंय, कुणीही सांगितलं तरी वाचल्याबिगर सही करायची नाय."

मी मोबाइल बंद केला. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि पहिल्या ओळीपासून मराठीत सांगायला लागले. ती प्रत्येक शब्दावर बोट ठेवत होती. चार पानं होती. मी बसून राहिले.