तुमच्या घरचं पाणी

पाटलानं माझा जबडा धरला आणि तांब्या तोंडात उपडा केला.

कड दातांवर आपटली. ओठ फाटला. पाणी नाकात गेलं. त्याच्याच ओसरीवर, गावातल्या माणसांदेखत. मी सतरा वर्षांची. पोटात आईची किडनी.

बोलावलं होतं त्यांनीच. केजजवळच्या आमच्या गावात मी ऑपरेशन होऊन जिवंत परत आले, म्हणून पाटलाला माझ्यासोबत व्हिडिओ हवा होता. 'गावची लेक' म्हणे. एरवी आमची बौद्ध वस्ती त्यांना मतदानालाच आठवते. त्याच्या भावानं फोन धरला. पाटलानं पाणी पुढं केलं.

मी म्हटलं, "काका, उकळलेलं हाय का? मला कच्चं चालत न्हाई. माझी बाटली हाय संगं."

किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या खाते, त्या अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी करतात. विहिरीचं पाणी मला मारू शकतं. पण ऐकणाऱ्यांनी वेगळंच ऐकलं. माझ्या आजीच्या ओंजळीत यांनी जन्मभर वरून पाणी ओतलं. आज तिची नात यांचं पाणी नको म्हणत होती.

"कावून गं? आमचं पाणी बाटलंय व्हय? लई माज आलाय!"

पाटलानं थोबाडीत दिली. मास्क ओढून फाडला. संगं आलेली आई मधे पडली, तर पाटलाच्या भावानं तिला लाथ घातली, नेमकी ऑपरेशनच्या बाजूला. खाली पडूनही ती हात जोडत होती. "पेती मालक, पेती ती." लाथेपेक्षा ते जोडलेले हात मला जास्त लागले.

मग तांब्या.

पुढं जुलाब, ताप, दवाखाना. आईची किडनी माझ्या पोटात झगडत होती आणि पाटलाच्या भावानं तो व्हिडिओ टाकला होता, 'माज उतरवला' लिहून. खाली हसणारे चेहरे.

किडनी बसवलेल्या पोरापोरींचा एक ग्रुप मी मोबाईलवर चालवते. पथ्य, गोळ्या, शाळेत काय सांगायचं, सगळं रील करून सांगते. माजलगावच्या एका पोरीनं त्यात लिहिलं, "ताई, कामावरच्या मालकिणीनं कच्चं पाणी दिलं. तुला मारल्याचा व्हिडिओ आठवला. भ्याले. पिले."

माझं डोकं फिरलं. पाटलाचा हात आता तिच्या जबड्यापर्यंत पोचला होता. तिला म्हटलं, आधी दवाखाना गाठ. मग सलाईन लावलेल्या हातानंच फोन उचलून रील सुरू केली. सुजलेलं तोंड झाकलं नाही.

"कच्चं पाणी कुणाच्याच घरचं प्यायचं न्हाई. मामाचं न्हाई, मंदिरातलं तीर्थ न्हाई, पाटलाचं तर न्हाईच. समोरच्याला राग आला तर येऊ द्या."

त्या रीललाच त्यांचा व्हिडिओ जोडून टाकला. चेहऱ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी पाटलाची माणसं दवाखान्यात आली. "व्हिडिओ काढ. न्हाईतर वस्तीत ऱ्हाणं अवघड करू."

आईनं या वेळी हात जोडले नाहीत. "न्हाई काढायची ती. व्हा भायेर."

ठाण्यात तक्रार दिली आहे. ती मागं घेणार नाही. व्हिडिओ आहे तिथंच आहे. पुन्हा कुणी माझा जबडा धरला, तर त्याची बोटं मी दातांनी तोडीन. आणि ते माजलगावच्या पोरीला लाइव्ह दाखवीन.