पाचजणींचं नाव

रफूवाल्या मावशींचं नाव विचारा, अख्ख्या गल्लीत कुणाला सांगता यायचं नाही. लोक फाटका कोट घेऊन येतात. मावशी त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून दोरे उपसतात आणि भोक असं बुजवतात की गिऱ्हाईक बोटानं चाचपत बसतं. पण नाव? छे! मावशी म्हणजे मावशी.

एके काळी मात्र त्या नावाचा नुसता सुळसुळाट होता. दगड भिरकावला तर त्याच नावाच्या पोरीला लागायचा. मावशींच्या वर्गात पाचजणी होत्या, पाच! बाईंनी हाक मारली की पाचीजणी उभ्या, आणि वर्ग खो खो हसणार. शेवटी बाई वैतागल्या. सगळ्यांत उंच होती तिच्याकडे नाव राहिलं. बाकीच्या घारी, जाडी, चष्मेवाली आणि आमच्या मावशी बुटकी. स्वतःचं नाव असून वापरायची सोय नाही. आता बोला!

त्यांना पूर्ण नावानं हाक मारली ती नवऱ्यानं. कपडे शिवायचं त्याचं दुकान होतं. घरी आला की चपला काढायच्या आधी दारातूनच हाक. सहा वर्षांपूर्वी तो गेला. आई, भावंडं आधीच गेली होती. आता सून आई म्हणते, नात आजी म्हणते, जग मावशी म्हणतं. सगळे जीव लावतात हो, नाही असं नाही. पण त्या एका हाकेसाठी मावशींचा जीव तुटतो. कधी सुई ओवताना त्या स्वतःच नाव पुटपुटून बघतात. त्यात काही राम नसतो.

नात झाली तेव्हा त्यांनी धीर करून सुनेला म्हटलं होतं, "माझं नाव ठेवा ना तिला. घरात ऐकू तरी येईल."

सुनेला हसू आवरेना. "अहो आई, ते नाव आता आज्यांचं! शाळेत पोरं चिडवतील तिला."

मग एक नवं, चकचकीत नाव ठेवलं गेलं. मावशींनी बारशाचं झबलं स्वतः शिवलं. पण लागायचं ते लागलंच.

परवा नात शाळेतून रडतच आली. दप्तर भिरकावून म्हणाली, "आजी, वर्गात माझ्या नावाच्या सहाजणी आहेत! बाई मला चार नंबर म्हणतात!"

मावशींनी सुई खाली ठेवली. हसावं की रडावं कळेना. "ये इकडे बाळा. मी बुटकी होते," म्हणाल्या, आणि तिला सगळं सांगितलं. नावसुद्धा.

नातीचे डोळे एवढे मोठे झाले. "आमच्या अख्ख्या शाळेत हे नाव कुणाचंच नाहीये! तुझं एकटीचं आहे!"

"हो गं. एकटीचंच उरलंय."

पोरगी उठली, दारात जाऊन उभी राहिली आणि घसा फाडून त्या नावानं हाक मारली.

मावशींनी चटकन मागे वळून पाहिलं, दुसरी कोण उठतेय ते. मागे फक्त गिऱ्हाइकांचे कोट लटकत होते.

सून आतून धावत आली. "अगं कार्टे, आजीला नावानं हाक मारतात का?"

"मारू दे गं," मावशींनी सुनेला हातानं थांबवलं. "मारू दे तिला."

"आजी, ओ दे ना!" नात दारातून ओरडली.

मावशींनी डोळे पुसले आणि ओ दिली.