मॅकरॉनला बाबांचा ग्रेड

आमच्या बाबांनी चौतीस वर्षांत एकही खोटा ग्रेड दिला नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाचे ग्रेडर होते. गाडी आली की वरचा कापूस बाजूला सारायचा, कोपरापर्यंत हात घालून तळचा मूठभर काढायचा (ओला माल कोणी वर ठेवत नाही!), बोटांनी धागा ओढायचा आणि सरकी दाताखाली धरायची. कट्ट वाजली तर माल वाळलेला. नाही वाजली तर गाडी परत, मग गाडीवाला कितीही ओळखीचा असो.

आता ते पिपरी मेघेला आमच्याजवळ राहतात आणि रोज माझ्या स्वयंपाकाला ग्रेड देतात. लग्न होऊन आले तेव्हा तोंडावर सांगायचे, "मीठ जास्त," "फोडणी जळली," "हे वरण हाय का पाणी?" दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप येऊन गेला, आणि योगायोग बघा, तेव्हापासून माझा हात एकदम सुधारला! पहिला घास घेतला की बाबा म्हणतात, "एक नंबर." रोज. वांग्याची भाजी असो की कढी. मी ताट वाढून समोर उभीच असते, "कसं झालं बाबा?" म्हणून. ही एक नंबरची गोष्ट मी पिपरी मेघेपासून माहेरी अल्लीपूरपर्यंत सगळ्यांना सांगितली. कोणी विचारलं नव्हतं तरी सांगितली.

हात इतका सुधारल्यावर वरणभातात अडकून कशाला राहायचं? मी मॅकरॉन करायला घेतले. बदामाच्या पिठाच्या आणि अंड्याच्या पांढऱ्याच्या दोन गोल टिकल्या, मधे गोड क्रीम, आणि टिकलीच्या काठाला बारीक झालर. ती झालर आली तर मॅकरॉन, नाही आली तर बिस्कीट. माझी पहिली सात वेळा बिस्किटं झाली. आठव्यांदा झालर आली तेव्हा मी ओव्हनसमोर अशी ओरडले की हे अंगणातून पळत आले आणि आधी त्यांनी मेन स्विच बंद केला!

बातमी शेजारच्या झाडे काकूंकडे गेली (मीच नेली). त्यांच्या पोरीचं साक्षगंध ठरलं होतं. साखरपुड्याला मुलाकडचे लोक नागपूरचे, त्यामुळे काकूंना ताटात काहीतरी नागपूरचं पाहिजे होतं.

"देतो तुले ऑर्डर," काकू म्हणाल्या. "पण नागपूरच्या कॅफेत भेटते तसंच पायजे. पाहुण्यांत माहं नाक नको कापजो."

"तसंच आहे काकू. त्याच्याहून चांगलं आहे!"

"तू तं म्हनशीनच व. काकांले पाहू दे, तुह्या सासऱ्याले. माह्या सख्ख्या भावाची गाडी परत केलती त्यांनी. ते एक नंबर म्हनतीन तं ऑर्डर तुही."

आयुष्यातली पहिली ऑर्डर! मी बाबांना विचारलं. मला वाटलं हसून मोकळे होतील. ते हसले नाहीत. चष्मा पुसला आणि अटी सांगितल्या.

"तीन ठिकानचा माल आना. एकाच रंगाचा पायजे, नाई तं डोळा फसते. ट्यूबलाइटीत मी पाहनार नाई, सकाळच्या उजेडात पाहीन. अन् कोनता माल कोनाचा, हे मले सांगजो नका."

हे ऑफिसच्या कामानं नागपूरला जात होते. तीन कॅफेंतून पिस्त्याच्या रंगाचे मॅकरॉन घेऊन आले, डबे मांडीवर ठेवून, रेल्वेत कोणाला टेकू न देता. इकडे मी ऑर्डर मिळावी म्हणून चतुर्थीचा कडक उपास धरला, आणि त्याच सकाळी चौथ्या ताटलीसाठी ताजे मॅकरॉन केले. (उपासाच्या दिवशी अंडं फेटलं तर चालतं का, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारलं की लोक उत्तर देतात.) फक्त एक झालं. उपास असल्यामुळे क्रीमची चव मी घेतली नाही. ह्यांनी बोट पुढे केलं, तर मी त्यावर चमचा मारला.

दहा वाजता अंगणात सतरंजी घातली. त्यावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर चार ताटल्या, प्रत्येकीपुढे अक्षराची चिठ्ठी. अ, ब आणि क म्हणजे नागपूरचे तीन कॅफे. ड म्हणजे मी. हे फक्त आम्हा दोघांना आणि काकूंना माहीत होतं. बाबा आंघोळीला गेले होते.

आणि तेव्हा माझी मती फिरली. चारी ताटल्या शेजारी शेजारी पाहिल्या. ब ताटलीतले मॅकरॉन सगळ्यात महाग कॅफेचे, काय त्यांची चमक, काय ती झालर! माझे त्यांच्यापुढे बिचारे दिसत होते. हे बाबांना हाक मारायला गेले, काकू फोनवर लागल्या, आणि मी ब आणि ड चे मॅकरॉन अदलाबदल करून टाकले. आता नागपूरचा भारी माल माझ्या नावावर होता. चतुर्थीचा उपास पोटात असताना मी हे केलं, हे लिहिताना अजून लाज वाटते.

बाबा आले. इस्त्रीचा सदरा घालून आले होते! मांडी घालून बसले आणि कोणाशी बोलले नाहीत. पहिला मॅकरॉन तळहातावर तोलला, कानाजवळ नेऊन हलकेच दाबला, मोडून आतला भाग उजेडात धरला आणि मग दाताखाली धरून डोळे मिटले.

"अ. पोकळ. आत हवा हाय." पाणी पिऊन क उचलला. "याच्यात ओलावा. दाताले चिकटते."

मग ड. बाबांनी तो दोनदा कानाशी नेला. मी मनात गणपतीला मोदक कबूल करत होते.

"हा रिजेक्ट," बाबा म्हणाले. "वरून चमक हाय, पन माल जुना. दोन-तीन दिवस फ्रिजात पडून होता."

"अव माय!" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तू तं म्हने आज सकाळचे हायेत!"

मी खालच्या वर्तमानपत्राच्या सुरकुत्या सरळ करायला लागले.

शेवटी ब. बाबांनी दाबला. कट्ट! अंगणाच्या टोकाला बसलेल्या मांजरीनंसुद्धा मान वळवली. बाबांनी पूर्ण मॅकरॉन सावकाश चावून खाल्ला आणि मान डोलावली.

"हा खरा ताजा. वरून कुरकुरीत, आतून मऊ, गोडवा मोजून टाकला. एक नंबर."

"म्हनजे नागपूरचाच," काकू उठल्या. "जाऊ दे व सुषमा, वाईट नको वाटून घेजो. मी नागपूरलेच सांगतो."

माझी ऑर्डर मीच हातानं नागपूरला पाठवली होती! आता कसली लाज?

"काकू, थांबा! ब माझे आहेत! मी अदलाबदल केली!"

"काय केली?" हे ओरडले.

"घाबरले हो मी! पण एक नंबर माझेच आहेत, शपथ!"

काकूंनी मला खालीवर पाहिलं. मग ब ताटलीतला मॅकरॉन उचलला. "पाहू तं दे, एवढी चोरी कायच्यासाठी केली." आणि अख्खा तोंडात टाकला.

एक क्षण काही झालं नाही. मग काकूंचे डोळे मोठे झाले आणि त्या तुळशीपाशी धावल्या. "थू! थू! बाप्पा बाप्पा! मीठ हाय व हे! नुसतं मीठ!"

ह्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि मुकाट्यानं रुमालात काढला. क्रीममध्ये पिठीसाखरेऐवजी बारीक मीठ पडलं होतं. दोन्ही डबे सारखे, आणि चव घ्यायला माझा उपास!

मग आम्ही तिघांनीही एकदमच बाबांकडे पाहिलं. त्यांनी तो पूर्ण खाल्ला होता. गोडवा मोजून टाकला म्हणाले होते.

बाबांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

"मले चव नाई लागत पोरी," ते म्हणाले. "तो ताप आलता न, तवापासून. चहा गरम हाय एवढंच समजते."

काकू चूळ भरायच्या थांबल्या.

"दोन वर्षं? बाबा, सांगितलं काऊन नाही?" मी विचारलं.

"काय सांगू? चौतीस वर्षं लोकाइचा माल पाह्यला. आता माहाच माल बिघडला म्हनू?" त्यांनी रिकामी झालेली ताटली बाजूला सरकवली. "अन् तू रोज ताट वाढून उभी राह्यतं. एवढ्या आशेनं पाह्यतं माह्या तोंडाकडे. मी काय म्हनाव मंग?"

मला रडू आलं. अंगणात, काकूंसमोर, खरोखरचं रडू आलं. दोन वर्षं हा माणूस माझ्या हातचं बेचव जेवत होता आणि मी त्याच्या जेवणात फक्त स्वतःचं कौतुक शोधत होते.

वातावरण काकूंनीच सावरलं. त्यांनी ब मधला आणखी एक उचलला, क्रीम बोटानं खरवडून टाकलं आणि नुसती टिकली खाल्ली. मग नागपूरची खाल्ली. परत माझी खाल्ली.

"काका खोटं नाई बोलले. टरफल हिचंच चांगलं हाय." त्यांनी पदराला हात पुसले. "ऑर्डर तुही व. पन काका टरफल पाहतीन, अन् चव मी पाहीन. तुह्यावर माहा भरोसा नाई."

त्या गेल्यावर मी डोळे पुसत बाबांशेजारी बसले. विचारू नये ते विचारलं.

"बाबा, मग माझ्या वांग्याच्या भाजीला रोज एक नंबर कशावरून देत होतात?"

"मऊ शिजली राहे," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले. "ओलावा बरोबर राहे."

मी ह्यांच्याकडे वळले. "बाबांचं एक ठीक आहे. तुम्हाला तर चव लागते ना? दोन वर्षं तुम्ही काऊन नाही बोललात?"

हे ताटल्या गोळा करत होते. ते थांबले. बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाबा रोज एक नंबर म्हनत," ते हळूच म्हणाले. "मले वाटे, माहीच जीभ खराब झाली. दोनदा डॉक्टरले दाखवून आलो मी."

"मग? डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हने, जीभ ठणठणीत हाय. घरी काय खाता ते सांगा."