काकाजींची पाठ समुद्राकडे

वाळलेल्या पाटात अनवाणी उभं राहून पाणी कुठवर आलं ते सांगणारा माणूस मी एकच पाहिला. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावचे ते पाटकरी. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांत सोडायचं, हे त्यांचं काम. सारं गाव त्यांना काकाजी म्हणे. डोळे मिटून ते सांगत, "तीन गेट मागं हाय. जेवून या आरामात." वांगी-टमाटेवाले खरंच जेवून येत आणि त्यांचे हात वाळायच्या आत पाणी वाफ्यात शिरे. पाटबंधारे खात्याचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायचं, ते कोणी वाचत नसे. मीही नाही, आणि मी तर शाळामास्तर.

पावसाबद्दल विचारलं तर मात्र ते हात झटकत. "वरचं माह्या खात्यात नाई." आपलं खातं कुठे संपतं हे माहीत असलेला माणूस, असं मी त्यांच्याबद्दल चारचौघांत सांगत असे.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या एका मंडळानं कोकणातला जलदुर्ग पाहायला सहल काढली. आमच्या तालुक्याच्या नावात समुद्र आहे, बाकी कुठे नाही. त्यामुळे बस भरली. अध्यक्षांनी आणि त्यांच्या चार साथीदारांनी केशरी फेटे बांधले होते. किल्ला जुन्या बंदराच्या तोंडावर, खाडी समुद्राला मिळते तिथे. ओहोटीत खडकांच्या वाटेनं चालत जाता येतं. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र. किनाऱ्यावरच्या कोळ्यानं बजावलं, "एकच्या आत परत फिरा. भरती कोणासाठी थांबत नाय."

काकाजी हसले. "याले वाटते आपण पाणी पाह्यलंच नाई."

बंदरावर रोखलेल्या तोफांपाशी अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. स्वतःचा उल्लेख नसलेलं वाक्य त्यांना जमत नसे, त्यामुळे इतिहास हळूहळू पुढे सरकत होता. पाऊण वाजला तशी चुळबुळ झाली. कोणीतरी खाली दरवाजात बसलेल्या काकाजींना हाक मारली, "काकाजी, पाणी?"

"मी पाहूनच राह्यलो ना! जराही हाललं नाई. अर्धा तास हाय अजून."

सगळे पुन्हा बसले. मी घड्याळ पाहिलं आणि मीही बसलो.

काकाजी खाडीकडे तोंड करून बसले होते. उभा जन्म पाणी त्यांच्याकडे वरच्या अंगानं आलं होतं, धरणाकडून. खाडी वरून येत होती, म्हणून नजर तिथे. पाठ समुद्राकडे.

आधी दिसलं ते काकींना, त्यांच्या बायकोला. "अवो, इकडून पाणी येऊन राह्यलं!"

"इकडून कसं येईन? तिकडं तं समुद्र हाय."

एवढं बोलून ते वळले. वाटेचा मधला भाग नाहीसा झाला होता. आवाज नाही, फेस नाही. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पण ते थिजले नाहीत. "फेटे सोडा बे! सारे!" अध्यक्ष कुरकुरले, तेव्हा काकाजींनी स्वतःच त्यांच्या डोक्यावरचा काढला. पाच फेट्यांची गाठ मारून दोर झाला, तो सगळ्यांनी धरला. "पाय उचलू नका, घासत चाला. पाण्याकडं पाहू नका, पुढच्याच्या पाठीकडं पाहा." स्वतः काठीनं खडक चाचपत पुढे. आधी पाणी पोटऱ्यांना होतं, मग मांड्यांना. मध्यावर ठेंगण्या काकींच्या छातीला लागलं. त्यांचा पाय सुटला, फेटा हातातून निसटला आणि क्षणभर पाण्यावर नुसता हिरवा पदर दिसला. काकाजींनी काठी टाकून उडी घेतली. मनगट सापडलं. त्या खोकत वर आल्या. मनगट त्यांनी किनाऱ्यापर्यंत सोडलं नाही.

बस सुटल्यावर अध्यक्षांनी माईक घेतला आणि मंडळाच्या शिस्तीमुळे आपण कसे वाचलो ते सांगू लागले. काकाजी उठले. ओल्या धोतरानं एकेका सीटपाशी गेले, प्रत्येकाला नावानं हाक मारून म्हणाले, "मी चुकलो. माह्या शब्दावर थांबले तुमी." लोक "जाऊ द्या काकाजी" म्हणत होते, ते पुढच्या सीटकडे जात होते. माझ्यापाशीही आले. मी घड्याळ पाहून गप्प बसलो होतो, हे तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. यंदा ते गेले. आता सांगायचं राहिलं ते राहिलंच.

शेवटी ते काकींपाशी थांबले. तिथे मात्र सीटची दांडी धरून नुसते उभे राहिले. काकी खिडकीबाहेर पाहत होत्या, मनगट चोळत. मग न वळता सरकल्या, बाजूची जागा रिकामी केली आणि म्हणाल्या, "बसा आता. पडान नाई तं."