कंडम बोर्डाचे अध्यक्ष

सुभेदारांच्या घरातून कुठलीही वस्तू बाहेर टाकायची झाली, की आधी तिच्यावर बोर्ड बसत असे. मला हे ठाऊक नव्हते. साताऱ्याला त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली, त्याच आठवड्यात मी विजेरीतले दोन निकामी सेल जिन्याखालच्या डब्यात टाकले आणि कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा सुभेदार जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. तळहातावर ते सेल होते.

“हे कुणाच्या हुकमानं टाकलं?”

“संपले होते ते.”

“संपलं हे ठरवलं कुणी? तुमी एकट्यानं?”

मग त्यांनी मला शेजारी बसवून घेतले. फौजेत ते वर्कशॉपच्या स्टोअरला होते. तिथे भोक पडलेली बादलीसुद्धा कुणाला स्वतःच्या मनाने टाकता येत नसे. “तीन माणसं बसायची. ती बादलीकडं बघणार, बादली त्यांच्याकडं बघणार. मग साहेब म्हणणार, कंडम. तवर ती बादली नोकरीत हाय.” मी भीत भीत म्हणालो, की ग्रंथालयातही फाटलेले पुस्तक समितीशिवाय रद्द करता येत नाही. सुभेदारांचा चेहरा उजळला. “मग तुमी आमच्याच लायनीतलं की. रविवारी सकाळी खाली या. आजपास्नं मेंबर.”

बोर्डात तोवर दोघेच होते. सुभेदार अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी सभासद. त्यांना सगळी कॉलनी काकी म्हणे, आणि सुभेदारांना आबा. दोघांची मते नेहमी एकमेकांविरुद्ध पडत, त्यामुळे सुभेदार निवृत्त होऊन घरी आल्यापासून एकही वस्तू कंडम झाली नव्हती. मागची पडवी छपरापर्यंत भरली होती: मुके रेडिओ, कॉइल गेलेल्या इस्त्र्या, पाते नसलेला पंखा. माझ्या येण्याने निकाल लागू लागले, आणि माझ्या मताचे मोल काकींच्या लगेच ध्यानात आले. मिक्सरचे प्रकरण निघायचे होते त्याच्या आदल्या दिवशी माझ्या खोलीत थालीपीठ आणि लोण्याचा गोळा आला.

“त्यो चटणी वाटत न्हाई, उडवतो,” काकींनी बोर्डाला सांगितले. “आत येऊन वर बघा.”

आम्ही स्वयंपाकघरात जाऊन वर पाहिले. छताला शेंगदाण्याची चटणी होती. सुभेदार बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि म्हणाले, “मोटर दमदार हाय म्हणायची.”

मी कंडमच्या बाजूने मत दिले.

“थालपीट पोचलं वाटतं,” सुभेदार म्हणाले.

कंडम झालेली वस्तूही सरळ बाहेर जात नसे. “वस्तू मरत न्हाई गड्या, तिची बदली हुती,” असे म्हणत ते ती मांडी घालून सोलायला बसत. तांब्याची तार एकीकडे, पत्रा एकीकडे, स्क्रू बिस्किटांच्या डब्यात. तारेवरचे प्लास्टिक ते जुन्या ब्लेडने काढत. काकीही शेजारी बसून पावट्याच्या शेंगा सोलाव्यात तशा तारा सोलत आणि मिक्सरच्या दुर्गुणांची उजळणी करत.

मी आटपाडीकडचा. खोली शोधत साताऱ्यात फिरत होतो तेव्हा आडनाव सांगितले, की घरमालकांकडे अचानक पाहुणे यायचे असत. सुभेदारांनी आडनाव ऐकले, बुद्धाच्या तसबिरीसाठी खिळा कुठे मारायचा ते दाखवले आणि पाण्याची मोटर चालू करता येते का, एवढेच विचारले. काकी मात्र पहिले काही दिवस मला चहा एका ठरावीक स्टीलच्या पेल्यातून देत. तो कपबशांच्या फळीवर नसे, खिडकीत पालथा असे. एका रविवारी सुभेदारांनी तो पेला बोर्डापुढे ठेवला.

“ह्याला काय झालंय?” काकींनी विचारले.

“कंडम,” सुभेदार म्हणाले. त्या दिवशी मते घेतली नाहीत. पेल्याला भोक नव्हते. पुढच्या चहापासून मला कपबशी आली. काकींनी तो विषय कधी काढला नाही. लोणी मात्र वाढले.

आमच्या गावात मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम आमच्या घराकडे असे. आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला, त्याबरोबर ते काम टाकले. वडिलांनी, म्हणजे दादांनी, पुढे गावच सोडले आणि सांगलीला बसगाड्यांच्या कारखान्यात फिटर झाले. मला ते लहानपणापासून एकच सांगत: “हातात पुस्तक आसंल तवा दुसरं काय कुणी हातात देत न्हाई. सोडू नगंस.” मी सोडले नाही. ग्रंथपाल झालो.

कॉलनीच्या मागे ओढा होता आणि सगळ्यांचा कचरा त्यात जायचा. लोक तेव्हा काळेपांढरे टीव्ही काढून रंगीत आणू लागले होते. भंगारवाला जुना टीव्ही घेई, आतले तांबे काढी आणि काचेची नळी ओढ्यात फोडून जाई. तारा तो तिथेच जाळी. तो धूर आमच्या जेवणाला येऊन बसे. गोधड्या धुवायला गेलेल्या काकींचा पाय एकदा त्या काचेवर पडला आणि टाके घालावे लागले. सुभेदारांनी कॉलनीची सभा बोलावली. ओला कचरा, सुका कचरा आणि मशिनी कचरा प्रत्येकाने घरात वेगळा ठेवायचा. दर रविवारी हातगाडी दारोदार फिरेल. ओला मोकळ्या प्लॉटातल्या खड्ड्यात, बाकीचा सुभेदारांच्या पडवीत. तिथे सोलून, वेगळा करून मगच भंगारवाल्याला. सगळ्यांना योजना पसंत पडली. मग गाडी ओढणार कोण, हा प्रश्न निघाला.

“आपले लायब्ररीचे सर आहेत की,” बँकेतले मोहितेसाहेब म्हणाले. “तरुण आहेत, एकटे आहेत, रविवारी मोकळे असतात.”

सगळ्यांच्या माना हलल्या. फारच सहज हलल्या.

“ठराव पास,” सुभेदार म्हणाले. त्यांना पेला दिसला होता, गाडी दिसली नाही.

मी काही बोललो नाही. वावगे असे कुणी काही म्हटलेच नव्हते. बोललो असतो तर तो विषय मीच काढल्यासारखे झाले असते. शिवाय सुभेदारांवर माझा जीव होता. मी गाडी ओढू लागलो. सुभेदार शिट्टी वाजवत पुढे चालत आणि प्रत्येक दारात बादल्यांची तपासणी करत.

“वहिनी, सुक्यात बोंबलाचं डोकं कसं काय?” त्यांनी ऐन श्रावणात मोहितेबाईंना विचारले.

“मांजरानं आणून टाकलं असंल.”

“आसंल. मांजराला श्रावण नसतो.”

असे दिवस चालले होते आणि मला एकच भीती होती: दादांनी मला या गाडीशी बघू नये. त्यांनी सांगलीहून निरोप पाठवला की रविवारी येतो, तेव्हा मी सुभेदारांकडे गेलो. म्हणालो, वडील येणार आहेत, या रविवारी गाडी नको.

“आवं, मग तर पायजेच,” सुभेदार म्हणाले. “बापानं बघाय नको का, पोरगं काय काम करतंय ते?”

दादा दुपारपर्यंत येतील म्हणून मी भल्या सकाळी गाडी काढली. दादा पहिल्याच एसटीने आले. मी मोहित्यांच्या दारातून फिरत होतो. गाडीत फ्लॉवरची पाने होती आणि त्यावर त्यांचा जुना टीव्ही. दादा फाटकात उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या हातांकडे. दांड्या सोडाव्यात म्हटले तर पुढे उतार होता आणि वर टीव्ही होता.

ते व्हरांड्यात जाऊन बसले. मी गाडी ओढत मागोमाग आणली आणि दांड्या धरून तिथेच उभा राहिलो. सुभेदारांनी त्यांना चहा दिला आणि अभिमानाने बोर्डाची माहिती सांगितली.

“कंडम आमच्या कारखान्यात बी हुतं की,” दादा म्हणाले. “बस कंडम करायच्या आदी आमी बोल्ट न् बोल्ट काढून घ्यायचो.”

“फौजेत बोल्टाला येगळा बोर्ड बसायचा.”

“मग लढाई कवा करायचा?”

सुभेदार हसले. दादांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली.

“एक इचारू का, सुभेदार? ह्या पोराला गाडीवर कुठल्या बोर्डानं नेमलं?”

“कॉलनीनं. एकमतानं.”

“व्हय. एकमतानंच हुतं ते. आमच्या गावात बी एकमतानंच हुयाचं. मेलेला बैल कुणी वढायचा, ह्यावर कदी दोन मतं पडली न्हाईत.”

काकी दारात उभ्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. सुभेदार माझ्याकडे बघत होते. मी गाडीच्या चाकाकडे बघत होतो.

“तुमी बोलला का न्हाई?” त्यांनी विचारले.

“त्यो कसा बोलंल,” दादा म्हणाले. “त्याला मी वाचाय शिकीवलंय, बोलाय न्हाई.”

सुभेदारांनी माफी मागितली नाही. तो शब्द त्यांच्या स्टोअरला नव्हताच. ते आत गेले आणि बाहेर आले तेव्हा पायजम्यावर फौजेतला पट्टा आणि पायात बूट होते. “सोडा,” ते मला म्हणाले.

“टीव्ही घसरेल.”

“सोडा म्हन्तो.”

गाडी त्यांनी घेतली आणि शिट्टी तोंडात धरून रस्त्याला लागले. मोहितेसाहेब टॉवेल गुंडाळून बाहेर आले. “आबा, तुम्ही कशाला? बरं दिसत नाही.”

सुभेदारांनी शिट्टी काढली. “सरांनी वढली तवा बरं दिसत हुतं?” मोहितेसाहेबांनी टॉवेल सावरला. “आजपास्नं पाळ्या. फुडला रविवार तुमचा.”

त्या दिवसानंतर कॉलनीत रविवारची दुखणी सुरू झाली. कुणाला चक्कर यायची, कुणाचे पाहुणे यायचे. मोहितेसाहेबांची कंबर धरायची. शनिवारी संध्याकाळी तीच कंबर बॅडमिंटन खेळे. एकदा त्यांनी बँकेतला शिपाई पाठवला. सुभेदारांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवले. मोहित्यांची पाळी शेवटी सुभेदारच ओढत, पण त्यांच्या दारात थांबून मोठ्याने सांगत: “मोहितेसाहेबांची पाळी, सुभेदाराच्या कमरंवर.” काही घरे अंधार पडल्यावर पुन्हा ओढ्याकडे वळली, हेही खरे आहे. पण बरेच लोक आले. माझीही पाळी आली, तेव्हा मी दादांना विचारले.

“सगळ्यांच्याच पाळ्या हायत ना? मग वढ. सगळ्यांनी केलं तर ते काम. एकानंच केलं तर ती जात.”

दादा त्यानंतर वरचेवर येऊ लागले. सुभेदार त्यांना ‘फिटरसाहेब’ म्हणत आणि त्यांनी दादांना बोर्डावर घेतले. सभासद चार झाले, मते पुन्हा दोन-दोन पडू लागली, आणि पडवी पुन्हा छपराला लागली. दोघे म्हातारे एका बंद टेपरेकॉर्डरवर सकाळभर भांडत. काकींनी थालीपिठांचा बेत आता दादांसाठीही सुरू केला, पण दादा खाऊनसुद्धा विरोधात मत देत.

पुढे एका हिवाळ्यात सुभेदारांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेले. दादा सांगलीहून रोज जाऊन बसत. मी गेलो तेव्हा नाकात नळी होती, पण डोळे जागे होते.

“डॉक्टर काय म्हणतात?” मी विचारले.

“दोघंच येत्यात,” सुभेदार हळू आवाजात म्हणाले. “तिसरा बसल्याबिगर निकाल देता येत न्हाई त्यांना.”

“आन तिसरा आला तर मी हाय हितं,” दादा म्हणाले. “दोन-दोन करून टाकतो.”

निकाल तिसऱ्याची वाट न बघता लागला.

त्यानंतरच्या रविवारी गाडी फाटकापाशी उभी होती. सुतक होते, जेवण शेजारच्या घरांतून येत होते. दादा येऊन व्हरांड्यात बसले होते, काकी उंबऱ्याच्या आत. सकाळी एकेक माणूस आपली बादली घेऊन आला आणि गाडीत रिकामी करून तिथेच थांबला. शिट्टी वाजवायला कुणी नव्हते. पाळी मोहितेसाहेबांची होती, हे सगळ्यांना माहीत होते. काही वेळ लोक गाडीकडे बघत होते. मग एकेकाची नजर माझ्याकडे आली. कुणाच्या मनात वाईट नव्हते. उताराचे पाणी ओढ्याकडे जाते, तशा त्या नजरा आल्या.

“सर,” मोहितेसाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, “आजच्या दिवस तुम्हीच… आबांना बरं वाटेल.”

माझा हात दांडीवर होता. ओढून आणायला कितीसा वेळ लागला असता, आणि सुभेदारांसाठी मी काहीही ओढले असते. दादांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

“माझी पाळी पुढल्या महिन्यात आहे,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला, की ऐकू गेला असेल असे मला वाटले नाही. म्हणून पुन्हा म्हणालो, “आज तुमची आहे.”

“माझी कंबर,” मोहितेसाहेब म्हणाले. पुढे कुणी काही विचारले नाही, म्हणून त्यांनीही सांगितले नाही. त्यांनी शर्ट नीट खोचला, बाह्या वर केल्या आणि दांड्या धरल्या. त्या त्यांनी फार उंच उचलल्या. गाडी मागे कलली, आणि तोल सावरायला त्यांनी दांड्या एकदम खाली दाबल्या तसा ओल्या कचऱ्याचा ढीग पुढे घसरून त्यांच्या बुटांवर पडला. माझे हात सवयीने पुढे गेले. मी ते मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत धरून ठेवले.

गाडी वाकडीतिकडी चालली, फाटकाच्या खांबाला एकदा धडकली आणि रस्त्याला लागली.