पांजरपोळीला दोन पंप

दोन होत्या तुमच्याकडे. चांगल्या धडधाकट दोन किडन्या! एक दिली असतीत तर दुसरीवर तुमचं आयुष्य मजेत गेलं असतं. डॉक्टरांनी समजावलं होतं, तुम्ही मान डोलावली होतीत. आणि मग?

जाऊ दे. तुम्ही म्हणजे कोण, ते मी सांगणार नाही. जिगर असता तर एव्हाना ओरडलाच असता, "ए झू, लेक्चर बंद!"

झू म्हणजे मी. झूलॉजीत बीएस्सी केलं, म्हणून झू. जिगर हा भाईंदर पश्चिमेच्या बाजारातल्या एका हार्डवेअरवाल्याचा मुलगा, माझा शाळेपासूनचा मित्र. तिसरा बाळा, उत्तनजवळच्या चौक गावचा कोळी. कॉलेजात माझ्या बाकावर बसायचा, आता कुरियरच्या ऑफिसात आहे. जिगर गेल्यापासून बाळा आणि मी भेटलो की एक किस्सा तो काढतो, एक मी. आमच्या भाईंदरात लोक पाणी कसं साठवतात, हंड्यात, बादलीत, डब्यात, सापडेल त्या भांड्यात? तसे हे साठलेत. वाटतं संपले सगळे. मग कुठल्यातरी कोपऱ्यात एक भरलेला सापडतो.

*

सुरुवात कयाकपासून झाली. उत्तनकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं आणि तिथली दोन सीटची, पिवळी प्लास्टिकची कयाक बाळाने मिळवली. चौकमध्ये तिचं बारसं लगेच झालं: 'केळं'!

मला तर आनंदाने झोप येईना. वल्हवत जायचं, गळाने एकेक मासा धरायचा. डिझेलचा धूर नाही, जाळ्यात पिल्लं मरणं नाही! फक्त एक अडचण होती. आम्हाला हवा होता जिताडा, आणि तो मेलेल्या आमिषाला सहसा तोंड लावत नाही. त्याच्यासमोर बोयीसारखी छोटी मासळी जिवंत पोहायला हवी. म्हणजे कयाकवर बोयी जिवंत ठेवायला टाकी हवी. तशी टाकी इथे कुठे विकत मिळणार? आपणच बनवायची!

बाळाची आई किनाऱ्यावर बोंबील सुकत घालत होती. तिला आम्ही मावशी म्हणतो. बाळाचे वडील बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून बोट किनाऱ्याला लागली की बाकीच्या बायका टोपल्यांकडे बघतात, मावशी आधी डोकी मोजते.

मी तिला टाकीची अख्खी थिअरी समजावून सांगितली. ऑक्सिजन, अमोनिया, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पलीकडच्या बाईला हाक मारली, "अगो, आयकलंस का? ही शिकलेली पोरं दर्यात मासं घेऊन चाललीत!"

अख्खा किनारा हसला.

*

पहिली टाकी चौकोनी होती. थर्माकोलचा बर्फाचा खोका. बोयी सगळ्या एकाच कोपऱ्यात तोंड खुपसून, एकमेकींवर चढून मेल्या.

त्या दिवशी जिगर सहज गप्पा मारायला आला होता. तो जैन, घरात कांदाही नाही. गळाला हात लावणार नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं. मेलेल्या बोयी बघून त्याचा चेहरा उतरला.

"कोपरा देतोस कशाला त्यांना?" तो म्हणाला. "घाबरलं की कोणपण कोपऱ्यात घुसतं यार. गोल बनव ना!"

दुसऱ्या दिवशी पाइप, एल्बो, वॉशर, एम-सील असं सगळं सामान घेऊन हजर.

बाळाने चिडवलं, "काय शेठ, मासे मारायला मदत?"

"मारायचं डिपार्टमेंट तुमचं," जिगर म्हणाला. "आपण फक्त जगवतो."

टाकी अजून बनायची होती, पण बाळाने तिचं नाव तिथेच ठेवून टाकलं. पांजरपोळ! जैन लोक आजारी गुरं सांभाळतात, ती.

*

गोल म्हणजे ड्रम. आणि ड्रम आमच्या घरात होता. निळा, मोठा, मोरीत उभा. आमच्या सोसायटीत पाणी एक दिवसाआड, तेही मनात आलं तर. आई ऑफिसला गेल्याची संधी साधून मी आणि जिगरने तो हॅक्सॉने मधोमध कापला.

आई आली. मोरीत बघितलं. गॅलरीत बघितलं.

"माणसांना प्यायला पाणी नाही, आणि तू माशांना स्विमिंग पूल बांधतोयस?"

जिगर तत्परतेने पुढे झाला, "काकू, आम्ही अर्धाच घेतलाय. अर्धा तुम्हाला ठेवलाय ना!"

आईच्या वाटणीच्या अर्ध्याला बूड नव्हतं.

*

पंप जिगरच्या दुकानातले. छोटे, स्कूटरच्या बॅटरीवर चालणारे. मी म्हणालो एक पुरे, उगाच वजन कशाला?

"झू, जिवाचा प्रश्न असेल तिथे दोन पाहिजेत. एक बंद पडला तर दुसरा. देवानेपण दोन-दोन दिल्यात."

हे तो म्हणत होता तेव्हा त्याच्या स्वतःच्या दोन्ही बंद पडल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस. आमच्या नळाच्या पाण्यासारखं, असं तोच म्हणायचा. आणखी एक विनोद तो नर्सपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवायचा, "नाव जिगर, म्हणजे लिव्हर, आणि बिघडली किडनी. आईबापाने भलत्याच पार्टचं नाव ठेवलं!" लोक हसावं की नाही या विचारात पडत. तो मात्र मनापासून हसायचा.

तर, पंप. गल्ल्यावर त्याचे पप्पा बसलेले. कपाळाला केशराचा टिळा, समोर हिशेबाचं यंत्र.

"किसके वास्ते?"

जिगर क्षणभर अडखळला. "मंदिर के लिए, पप्पा. फवारा लगाना है."

पप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या बाहीला बोयीचे खवले चिकटलेले.

"अच्छा," पप्पा म्हणाले. "मंदिर के लिए है, तो बढ़ियावाला ले जाओ."

*

किडनीसाठी जिगरच्या घरच्यांच्या टेस्ट झाल्या. आईला शुगर, पप्पांना बीपी. म्हणून बाळा आणि मी आपण होऊन गेलो. मित्रांची किडनी घ्यायला कायद्याच्या शंभर अडचणी आहेत म्हणे! माणूस मरतोय आणि यांना नातं सिद्ध करून हवंय! मी काउंटरवर भांडायच्या तयारीनेच गेलो होतो.

भांडायची वेळच आली नाही. शिंगाळा माशाचा काटा तळव्यातून आरपार गेला तरी 'स्स' न करणारा बाळा सुई बघून खुर्चीतच आडवा झाला. त्याच्या तोंडावर पाणी मारण्यात माझा सगळा आवेश संपला. आणि ब्लड ग्रुप दोघांचेही जुळले नाहीत.

हे जिगरला कसं सांगायचं, याची आम्ही रिक्षात तालीम केली. त्याने पहिल्या वाक्यालाच थांबवलं.

"सुटलो बाबा! बाळाची घेतली असती तर जन्मभर मासळीचा वास आला असता. आणि झूची घेतली असती तर मीपण लेक्चर द्यायला लागलो असतो."

*

मग एका जवळच्या माणसाचं जुळलं. त्या दिवशी जिगरच्या घरी शिरा झाला होता. मला दोनदा वाढला.

ऑपरेशन आधी ठरलं, त्या माणसाच्या मुलांच्या परीक्षा झाल्यावर. मग दिवाळीनंतर. मग चांगला दिवस बघून. मग फोन वाजत राहायचा आणि कुणी उचलायचं नाही.

जिगरच्या घरून मी एकदा निघालोच होतो त्या माणसाकडे. दारात उभं राहून, सगळी बिल्डिंग गोळा करून विचारणार होतो. जिगरने जिन्यात मला गाठलं. दोन मजले उतरून आला होता, दम लागलेला, कठड्याला धरून उभा.

"नको जाऊ."

"का नको? त्यांनी शब्द दिला होता!"

"कोपऱ्यात घुसलेत रे ते," तो म्हणाला. "ओरडून कोण बाहेर येतं?"

*

पांजरपोळ आता झकास चालत होती, पण भाईंदरच्या खाडीवर गेलं की बोयी मरायच्या. मी पंप खोलला, पाइप बदलला, झाकणाला भोकं वाढवली. शेवटी लक्षात आलं की टाकीत काही बिघाड नाही. बिघाड बाहेर आहे! टाकी खाडीचंच पाणी आत ओढत होती, आणि त्या पाण्यात शहराचे सगळे नाले येऊन मिळतात. मग आम्ही चौकहून कॅनमधून समुद्राचं पाणी न्यायला लागलो. खाडीत मासे धरायला बाहेरचं पाणी! मी या विषयावर एकदा जेट्टीवर उभं राहून भाषण केलं. ऐकायला बाळा आणि एक कुत्रा.

त्या संध्याकाळी जिताडा काही लागला नाही. भरती चढत होती, पाणी त्यातल्या त्यात बरं होतं. उरलेल्या बोयी खाडीत सोडून द्यायचं ठरलं. सोडल्या. जाईनात! टाकीच्या नळीतून बुडबुडे येणारं पाणी पडत होतं, त्याच्याखालीच सगळ्या घोटाळत राहिल्या. हाताने पाणी उडवलं, पांगल्या, पुन्हा आल्या.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या बेडशेजारी बसून आम्ही हे जिगरला रंगवून सांगितलं. त्याने शेजारच्या मशीनकडे बघितलं, मग हाताला लावलेल्या नळ्यांकडे.

"मशीनची सवय लागली त्यांना," तो म्हणाला.

बाळा मोठ्याने हसला. मग चहा आणतो म्हणून बाहेर गेला. बऱ्याच वेळाने आला, आणि चहा न घेताच आला.

*

पावसाळा तोंडावर असताना जिगर गेला.

काही दिवसांनी मी दोन्ही पंप काढले, साबणाने घासले, पिशवीत घालून दुकानात नेले. दुकानाची वस्तू होती, दुकानात परत जायला हवी. पप्पा गल्ल्यावरच होते. दाढी वाढलेली. टिळा नव्हता.

"पप्पा, हे परत द्यायला आलोय."

त्यांनी एक पंप बाहेर काढला. उलटसुलट करून बघितला. नाकाजवळ नेला. मी कितीही घासला होता तरी वास लपण्यासारखा नव्हता. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी जमिनीकडे बघत राहिलो.

त्यांनी पंप परत पिशवीत ठेवला आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

"मंदिर का है ना?" पप्पा म्हणाले. "मंदिर में ही लगाओ."

*

आता एकच किस्सा उरला. हा बाळा कधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

जिगर गेला त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी जिगरला जरा तरतरी असायची. तसाच एक दिवस बघून तो म्हणाला, "मला एकदा केळ्यात बसव."

घरी सांगितलं, उत्तनला दर्शनाला जातोय. मासळीच्या वासाचं काय, ते नंतर बघू.

समुद्र अगदी निवांत होता. पुढे मी वल्हवत, मागे लाइफ जॅकेट घातलेला जिगर, त्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये पांजरपोळ. शेजारून बाळा त्याच्या काकांची होडी घेऊन, जिगरवरची नजर न हलवता. खडकांजवळ पोचलो. मी गळ तयार केला आणि मागे हात केला.

"एक दे."

झाकण उघडल्याचा आवाज. माझा हात रिकामाच.

"अरे दे ना!"

"थांब. हा लहान आहे."

"दुसरा दे."

"हा आता कुठे सावरलाय."

"जिगर!"

"अरे, हा तर माझ्याकडेच बघतोय!"

बाळा होडीत पोट धरून हसत होता. मी मात्र पेटलो. किती महिने खपलोय या टाकीवर! "आपण इथे मासे धरायला आलोय!"

"तू आलायस," जिगर म्हणाला. "मी माझ्या पेशंटना फिरवायला आणलंय."

एवढ्यात घरघर थांबली. पंप बंद! मी वळेपर्यंत जिगरने दुसऱ्या पंपाची वायर जोडलीसुद्धा. पुन्हा घरघर सुरू. पाण्याची धार टाकीत पडायला लागली. आजारी पडल्यापासून त्याचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता.

"बघितलं? सांगितलं होतं ना, दोन पाहिजेत!"

गळ कोराच राहिला. जिगर मागे टेकून बसला, एक हात पाण्यात सोडून. मी वल्हवत राहिलो. थोड्या वेळाने माझा राग कुठेतरी गळून पडला, पण ते मी त्याला कळू दिलं नाही.

किनाऱ्यावर मावशी उभी होती, कमरेवर हात ठेवून. बाळाने होडी ओढली, मी केळं ओढलं, जिगर वाळूत पाय रोवून उभा राहिला. मावशीची नजर आमच्यावरून फिरली. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर.

मग विचारलं, "काय गावलं?"

"काही नाही!" मी म्हणालो. "गळ पाण्यात पडलाच नाही, मावशी. याने एक बोय काढू दिली नाही. सगळी सकाळ फुकट!"

मावशीने वाकून ड्रमचं झाकण उघडलं आणि आत बघितलं.

"मेली किती?"

"एकपण नाही, मावशी," जिगर म्हणाला. "सगळ्या जिवंत."

मावशीने झाकण नीट लावलं. पदराने हात पुसला. मग माझ्याकडे बघितलं.

"गेली तेवढी समदी परत आली न्हाय का? मंग अजून काय पायजे?"